बोलण्यापूर्वी ऐकणारा प्रभू

(शास्त्रपाठ : लूक २४:१३-३५)



वर दिलेला शास्त्रपाठ आपल्यापैकी बहुतेकांस तोंडपाठ असेल. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमेहून सुमारे सात मैलांवर असलेल्या अम्माऊस नावाच्या गावी पायी चालले होते. त्यांतील एकाचे नाव क्लयपा; दुसऱ्याचे नाव लूकाने दिलेले नाही. शहरात जे घडले त्याविषयी ते आपसांत बोलत होते आणि त्यांचे चेहरे म्लान झाले होते. इतक्यात स्वतः येशू त्यांच्याजवळ आला व त्यांच्याबरोबर चालू लागला. परंतु हा कोण हे त्यांनी ओळखले नाही.

आता येथे क्षणभर थांबून विचार करा. त्या वेळी साऱ्या पृथ्वीवर सर्वांत मोठी सुवार्ता जर कोणाजवळ असेल तर ती या वाटसराजवळ होती. कबर रिकामी झाली होती. मरण हरले होते. हाताला खिळ्यांचे वण घेऊन तो चालत होता. आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते? पहिल्याच पावलाला मोठ्याने ओरडून म्हटले असते, ‘रडता कशाला? मी जिवंत आहे!’ आणि ते म्हणणे खोटेही ठरले नसते.

परंतु प्रभूने तसे केले नाही. त्याने पहिल्याने एक प्रश्न विचारला : तुम्ही चालता चालता कशाविषयी बोलत आहात? क्लयपाला आश्चर्य वाटले. यरुशलेमेत एवढी खळबळ उडाली असता या एकट्यालाच ती कशी ठाऊक नाही, असे त्याने विचारले. तेव्हा प्रभूने दुसरा प्रश्न केला : कसली खळबळ? बंधूंनो, वधस्तंभावर जो स्वतः टांगला गेला त्याने ‘काय झाले?’ असे विचारावे, ही केवढी नम्रता! ज्याला सर्व ठाऊक होते, त्यानेही विचारले. ज्याच्या अंगावर ते सर्व गुदरले होते, त्याने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतले.

आणि त्याने काय ऐकले? अर्धवट समजूत ऐकली. नासरेथकर येशू हा एक पराक्रमी संदेष्टा होता, तो इस्राएलास सोडवील अशी आम्हांस आशा होती, असे ते म्हणाले. ‘आशा आहे’ असे ते म्हणाले नाहीत. ‘आशा होती’ असे म्हणाले. त्या एका ‘होती’ या शब्दात त्यांचे सर्व दुःख साठलेले होते. स्त्रिया कबरेकडे जाऊन आल्या, देवदूतांचे दर्शन झाले असे त्यांनी सांगितले, हेही ते बोलले. पण त्यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. इतके सगळे बोलून होईपर्यंत प्रभूने त्यांना मध्येच तोडले नाही. पुढे त्याने त्यांच्या मंदपणाबद्दल त्यांना शब्दही लावला. परंतु तो केव्हा? ‘आशा होती’ हे शब्द ऐकून घेतल्यावर. वैद्य जसा आधी नाडी पाहतो व मग मात्रा उगाळतो, तद्वत् प्रभूने आधी त्यांच्या अंतःकरणाची नाडी पाहिली आणि नंतर मोशे व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून शास्त्राचा उलगडा केला.

प्रियजनहो, या पाठाविषयी आज जे लिहावयाचे, ते आम्ही शहाणपणाच्या आसनावर बसून लिहीत नाही. आमच्या हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीची साक्ष आम्हांस द्यावयाची आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही धर्मशिक्षण संपवून नुकतेच एका मंडळीत पाळक म्हणून रुजू झालो होतो. प्रवरेच्या काठच्या एका गावी एक शेतकरी गृहस्थ शास्त्रातील गोष्टी आवडीने ऐकतो असे आमच्या कानी आले. एके संध्याकाळी त्या भागातील उपदेशकबंधूंना बरोबर घेऊन आम्ही निघालो. वाट दोन कोसांची होती. त्या सबंध वाटेवर, आज आठवले म्हणजे लाज वाटते, आम्हीच बोलत होतो. उपदेशकबंधू वयाने आमच्या वडिलांसारखे; ते ‘होय साहेब, होय साहेब’ म्हणत मागून येत होते.

त्या गृहस्थाने ओट्यावर घोंगडी अंथरली, पाणी दिले. आम्ही पाणी प्यालो आणि लगेच शास्त्र उघडले. उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. त्या विषयावरील आमच्या उपदेशाची विद्यालयात वाहवा झाली होती. तोच आम्ही तेथे केला. मुलगा घरी परत येतो, बाप त्याला दुरून पाहतो, धावत जाऊन गळ्यात मिठी घालतो, हे सर्व आम्ही हात हालवून वर्णिले. तो मनुष्य मान खाली घालून ऐकत होता. त्याचे डोळे ओले झालेले आम्हांस दिसले, आणि आत्मा कार्य करीत आहे असे समजून आम्ही अधिकच आवेशाने बोललो.

उपदेश संपला. तो मनुष्य हळूच म्हणाला, “साहेब, हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

आम्ही आनंदाने उत्तर दिले, “हे लूकाने लिहिले आहे.”

तो काही बोलला नाही. उठून घरात गेला आणि त्याने दार लावून घेतले.

परत येताना उपदेशकबंधूंनी अंधारात आम्हांला खरी हकिकत सांगितली. त्या माणसाची मुलगी सासरच्यांनी टाकलेली होती. सहा महिने ती आपल्या मामाच्या दारी पडून होती. भावकी काय म्हणेल या भीतीने बापाने तिला घरी आणले नव्हते. गावात सर्वांस हे ठाऊक होते. आम्ही कोणाकडून तरी ऐकून येऊन, शास्त्राचे निमित्त करून, चार माणसांत आपल्याला डागणी देण्यासाठी ही गोष्ट काढली, असे त्याला वाटले. “साहेब, मला ठाऊक होतं,” उपदेशकबंधू म्हणाले, “पण तुम्ही विचारलं नाही.”

या शब्दांनी आमचे धर्मशिक्षण पुन्हा आरंभापासून सुरू झाले. दाखला खरा होता. सांगितला तोही खराच होता. तथापि ज्या वचनाने त्या बापाचे अंतःकरण मऊ व्हावे, त्याच वचनाचा आमच्या हाती धोंडा झाला. उत्तर देण्यापूर्वी ऐकून न घेणे हे मूर्खपणाचे व लज्जेचे आहे, असे नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात शलमोन सांगतो. ते वचन आम्ही परीक्षेत लिहिले होते. त्या रात्री आम्ही त्याचा अर्थ शिकलो.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी, जिला धड सही करता येत नसे, ती आमच्याकडून ही हकिकत ऐकून त्या मुलीच्या मामाच्या गावी जाऊ लागली. तेथे ती काय करीत असे? मुलीशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडीत असे आणि तिचे ऐकत असे. काही महिन्यांनी बापाने मुलीला घरी आणले. ते कशामुळे घडले हे आम्हांला सांगता येणार नाही, देव जाणे. बऱ्याच वर्षांनी आठवड्याच्या बाजारात त्या गृहस्थाची आमची गाठ पडली. आम्ही त्याच्याजवळ क्षमा मागितली आणि चहाच्या दुकानात त्याच्यासमोर बसलो. त्या दिवशी आम्ही शास्त्र उघडले नाही. तो तासभर बोलला. शेवटी उठताना तो म्हणाला, “साहेब, तुमच्या त्या गोष्टीतला बाप, त्यानं भावकीला काय सांगितलं असंल हो?”

बंधूंनो, तो दाखला आम्ही कितीदा वाचला असेल, पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. बापाने पोराला जवळ घेतले तेव्हा गाव पाहत होते. थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहिला तेव्हा बाप त्याचीही समजूत घालण्यास बाहेर आला. लेकराला घरात घेण्यासाठी बापाने आपली पत सर्वांसमोर पणाला लावली, हे त्या दाखल्याचे मर्म आम्हांला एका शेतकऱ्याच्या प्रश्नाने शिकविले. त्या गृहस्थाने अद्याप बाप्तिस्मा घेतलेला नाही. ते प्रभूच्या हाती आहे. परंतु ऐकावयास बसल्यावर ज्याला आम्ही शिकवावयास गेलो होतो त्याच्याकडून आम्हीच शिकून आलो, एवढी साक्ष आम्ही देतो.

ही गोष्ट केवळ आमच्या अनुभवाची नव्हे. आपल्या महाराष्ट्रातील मंडळीचे भूषण जे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांची हकिकत आपण जाणता. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. त्याने टिळकांना पाहताच त्यांच्या धर्मावर वाद घातला नाही. त्याने या तरुण ब्राह्मण कवीशी संस्कृत काव्याविषयी गोष्टी केल्या, त्यांच्या मनाचा कल पाहिला आणि नंतर नव्या कराराचे पुस्तक त्यांच्या हाती दिले. पुढे डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांचे मन त्यात गुंतून गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  

त्यातही आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना ती वाट चालून येण्यास पुढे सुमारे पाच वर्षे लागली. त्यांनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात ती सर्व ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. घर एकच, ग्रंथ एकच, तारणारा एकच. परंतु एकाची पावले एका वेगाने पडली, दुसऱ्याची दुसऱ्या. जो ऐकत नाही तो सर्वांना आपल्याच पावलाने चालवू पाहतो. जो ऐकतो तो दुसऱ्याच्या पावलाने चालतो, जसा प्रभू त्या दोघांच्या पावलाने चालला.

आता आपल्या स्वतःच्या घरांकडे पाहू. आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. चावडीपुढे त्यांनी दूर उभे राहावे, हाक मारली तर यावे, विचारले तरच बोलावे, अशी रीत होती. त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नसे. आमच्या पणजोबांची एक गोष्ट आमच्या आजी सांगत. पहिल्याने जो पाद्री त्यांच्या वस्तीत आला त्याने कोणता उपदेश केला, हे पणजोबांना आठवत नसे. तो मनुष्य त्यांच्या ओट्यावर खाली बसला आणि त्याने ‘तुमचे नाव काय? घरी माणसे किती?’ असे विचारले, एवढेच त्यांना मरेपर्यंत आठवत असे. ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे देवाने ऐकले, ही आपल्या मंडळीच्या जन्माची कथा आहे. मिसर देशात दास्यात असलेल्या इस्राएलाचा आक्रोश देवाने प्रथम ऐकला, आणि नंतर मोशेला पाठविले. मग ज्यांना ऐकून घेतले गेले त्यांच्या लेकरांनी दुसऱ्यांचे ऐकावयास नकार द्यावा काय?

आजकाल गावोगाव ध्वनिक्षेपक भाड्याने मिळतो. आपल्या सभांतही कर्णा लावण्याची चढाओढ दिसते. त्यास आमचा सरसकट विरोध नाही. परंतु एवढे लक्षात असू द्या की, नाव जरी कर्णा असले तरी त्याला कान नाही, नुसते तोंड आहे. तीच गोष्ट मोबाइलवरून सकाळ-संध्याकाळ शंभर जणांना वचने पाठविण्याची. ज्याला वचन पाठविले तो आज उपाशी आहे, की रुग्णालयाच्या दारात बसला आहे, हे आपल्याला ठाऊक नसेल, तर अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने जे केले ते आपण अद्याप केलेले नाही.

म्हणून उपदेशकबंधूंना व घरोघर भेटी देणाऱ्या भगिनींना आम्ही काही गोष्टी नम्रतेने सुचवितो.

पहिली गोष्ट ही की, कोणाच्या घरी गेला म्हणजे शास्त्र पिशवीत असू द्या आणि आधी घरच्या माणसांची विचारपूस करा. ती तोंडदेखली नसावी. म्हातारीचा गुडघा, पोराची परीक्षा, विहिरीचे पाणी, सोसायटीचे कर्ज, या गोष्टी सुवार्तेच्या वाटेतील अडथळे नव्हेत. त्यांच्याच वाटेने सुवार्ता घरात शिरते. फिलिप्प त्या हबशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत गेला तेव्हा त्याने पहिल्याने तो काय वाचीत आहे ते ऐकले, मग त्याला ते समजते काय असे विचारले, आणि ज्या वचनावर तो मनुष्य अडला होता त्याच वचनापासून बोलावयास आरंभ केला (प्रे. कृत्ये ८). आपण मात्र पुष्कळदा ज्या वचनावर आपली तयारी झालेली असते तेथूनच आरंभ करतो.

दुसरी गोष्ट, जे ऐकले ते जपून ठेवा. एखादी भगिनी आपले दुःख तुमच्यापाशी बोलते. दुसऱ्या दिवशी ते पाणवठ्यावर पोहोचते. आणि आम्ही दुःखाने लिहितो की, पुष्कळदा ते प्रार्थनासभेतूनच पोहोचते. ‘अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचा नवरा असे असे करतो’ असे म्हणून आपण प्रार्थनेच्या पांघरुणाखाली चहाडी करतो. ज्या घरचे गुपित असे फुटले त्या घराचे दार तुमच्यासाठी व तुमच्या प्रभूसाठीही बंद होते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक दुःखाला तत्काळ उत्तर देऊ नका. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. ती त्यांची सर्वांत उत्तम सेवा होती. बोलावयास लागल्यावर त्यांनी ती सर्व घालविली, आणि शेवटी देवाने त्यांना दोष दिला. ज्याचे लेकरू गेले त्याला ते का गेले हे सांगण्याची आज्ञा आपल्याला नाही. ‘मला कळत नाही, पण मी तुमच्यापाशी बसतो’ असे म्हणणाऱ्या उपदेशकाची पत कमी होत नाही.

चौथी गोष्ट, आपल्या घरापासून आरंभ करा. जो उपदेशक चार गावांत ऐकतो आणि घरी पत्नी बोलू लागली की वर्तमानपत्र उघडतो, त्याचे ऐकणे हे अद्याप काम आहे. प्रीती झालेली नाही.

येथे दोन धोके सांगितले पाहिजेत. एक असा की, ऐकणे ही युक्ती होऊ नये. कोळी गळाला आमिष लावतो तसे, पुढे आपले म्हणणे गळी उतरविण्यासाठी जो आज गोड तोंडाने ऐकतो, त्याचे कपट खेड्यातील माणूस लवकर ओळखतो. ज्याचे आपण ऐकतो तो उद्या ख्रिस्ताकडे येवो अगर न येवो, आपले ऐकणे खरेच असले पाहिजे. कारण तो देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला मनुष्य आहे. अम्माऊसजवळ पोहोचल्यावर प्रभूने आपल्याला पुढे जावयाचे आहे असे दाखविले, हे विसरू नका. त्याने घरात शिरण्याची जबरदस्ती केली नाही. त्यांनी आग्रह केला तेव्हा तो आत गेला.

दुसरा धोका याच्या उलट आहे. काही जण म्हणतील, ‘मग आम्ही ऐकतच राहू, बोलण्याची गरज काय?’ असे म्हणणारा नम्र नसून भित्रा असू शकतो. प्रभू ऐकून गप्प राहिला नाही. तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असा, अशी पेत्राची आज्ञा आहे (१ पेत्र ३:१५). तीत ‘विचारील’ हा शब्द आधी आहे आणि ‘उत्तर’ हा नंतर. जो कधी ऐकत नाही त्याला कोणी काही विचारीत नाही. पण विचारल्यावरही जो तोंड उघडीत नाही, त्याने भुकेल्याची भूक जाणून घेऊन भाकरी मात्र फडताळात ठेवली.

शेवटी त्या मेजाकडे पाहा. संध्याकाळ झाली होती. प्रभूने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली आणि त्यांना दिली. तेव्हा त्यांचे डोळे उघडले. वाटेत तो शास्त्राचा उलगडा करीत असताना आपली अंतःकरणे पेटली होती, असे ते एकमेकांना म्हणाले. त्याच रात्री ते सात मैल परत चालत यरुशलेमेस गेले. जे म्लान मुखाने निघाले होते तेच साक्षी होऊन परतले. ‘आशा होती’ असे म्हणणाऱ्यांच्या कानी ‘प्रभू खरोखर उठला आहे’ हे वर्तमान आले. या सर्वांचा आरंभ वाटेवरच्या एका साध्या प्रश्नाने झाला होता.

या आठवड्यात, बंधुभगिनींनो, एक काम करा. ज्याच्याशी ख्रिस्ताविषयी बोलावे असे तुमच्या मनात फार दिवसांपासून आहे, त्याच्या घरी जा. तो शेजारी असेल, भावकीतला असेल, रुसलेला भाऊ असेल. त्याला एकच प्रश्न विचारा, आणि तो बोलून थांबेपर्यंत थांबा. थांबल्यावरही थोडे थांबा. कारण खरी गोष्ट पुष्कळदा शेवटीच बाहेर येते. मग प्रभू जे शब्द देईल ते बोला.

हे प्रभो, तू आमचे ऐकलेस म्हणून आम्ही आज तुझे म्हणवितो. आमच्या उतावळ्या जिभेची आम्हांला क्षमा कर. आम्ही ज्यांना न ऐकता बोललो आणि ज्यांची दारे आमच्यामुळे बंद झाली, त्यांच्याजवळ तू स्वतः जा व त्यांच्याबरोबर चाल. आमचे कान उघड, आणि तुझ्या वेळी आमचे तोंडही उघड. आमेन.